किती लांबून दिसलो?

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. दोन गाई पिळून झाल्या होत्या, तिसरीच्या कासेला नुकता हात लावला होता. "भाऊसाहेब, डॉक्टर गेले," वहिनी म्हणाल्या. सकाळी उठून खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत मान एका बाजूला कलली होती. मला वाटलं, आता बांध फुटेल. पण त्या म्हणाल्या, "बाहेर धुकं दाट आहे. येताना लाईट लावून या." नवरा जाऊन अर्धा तास झाला नव्हता आणि या बाईला माझ्या मोटारसायकलच्या लाईटची आठवण होती. तसं त्या घरातून कोणीही निघालं की हेच वाक्य कानावर यायचं. इतर घरांत 'सावकाश जा' म्हणतात, कुलकर्णी डॉक्टरांच्या घरात 'लाईट लावून जा' म्हणत. कोल्हारचा पूल ओलांडून मी देवळालीच्या वाटेला लागलो तेव्हा प्रवरेचं पाणी सोडाच, पुलाचे कठडेसुद्धा दिसत नव्हते. लाईट लावला होता. चष्मा पुसत पुसत कसाबसा पोचलो.

कुलकर्णी डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. राहायचे देवळाली प्रवरेला, पण कोल्हारपासून राहात्यापर्यंतचे गोठे त्यांनी पालथे घातलेले. जुनी पांढरी व्हॅन, मागच्या सीटवर औषधांची पेटी, दोर, बादली आणि हातभर लांबीचे रबरी मोजे. गाईला हात लावायच्या आधी मालकाला तीन प्रश्न विचारायचे. कधीपासून? किती? आणि त्याच्या आधी काय झालं होतं? गाय हंबरून जीव टाकत असली तरी प्रश्न चुकायचे नाहीत. हेच तीन प्रश्न ते मग जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावत. एकदा माझ्या गोठ्याकडे येताना त्यांच्या लाईटच्या उजेडात माझ्या गाईंचे डोळे हिरवे चमकले, तर तिथंच गाडी उभी करून मला म्हणाले, जरा गाईंच्या शेजारी जाऊन उभे राहा. राहिलो. गाईंचे डोळे चमकले, माझे काही चमकले नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितलं की गाईच्या डोळ्यात मागच्या बाजूला एक चकचकीत पडदा असतो, माणसाला तो नसतो. "देवानं गाईला रेडियम लावून पाठवलंय, भाऊसाहेब. आपल्याला आपलं आपण लावायचं." तेव्हापासून लाल रेडियमची गुंडाळी त्यांच्या पेटीत औषधांशेजारी आली. बैलगाडीच्या मागच्या फळीला, मेंढपाळाच्या काठीला, उसाच्या ट्रॉलीला... जिथं तपासायला जायचे तिथं जाताना एक पट्टी चिकटवून यायचे. माझ्या दुधाच्या कॅनलाही दोन पट्ट्या आहेत. वासराच्या गळ्यातल्या पट्ट्यालाही लावली होती, ती गाईनं चाटून चाटून काढली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो, कारण ते सांगायचं राहिलं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. डॉक्टरांची आणि माझी ओळख एका अपघातानं झाली. त्या अपघातातून मी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, असं सगळी देवळाली जाणते. ते खरंच आहे. पण तो अपघात माझ्यामुळे झाला, हे कोणीच जाणत नव्हतं. डॉक्टरही नाही.

पौषातली सकाळ होती, साडेसात वाजले असतील. आमच्याकडे नदीकाठाला उसाची रानं, पाटाचं पाणी, त्यामुळे धुई, म्हणजे दाट धुकं, उतरली की उतरतच राहते. मी दुधाचे भरलेले कॅन घेऊन देवळालीला रतीब घालायला निघालो होतो. पुलाच्या पुढे एक मोरी आहे, तिथं पोचलो आणि समोर लांबवर रसवंतीच्या पत्र्यावर उजेड चमकला. थंडीत ती रसवंती बंदच असते, म्हणून मी निरखून पाहिलं, तर पत्र्याच्या मागून दोन पिवळट दिवे पुढं सरकत आले. कोणाची तरी गाडी, दिवसाढवळ्या लाईट चालू! आपल्याकडे अशा वेळी काय करायचं ते कोणाला शिकवावं लागत नाही. समोरून येणाऱ्याचा लाईट दिवसा चालू दिसला की हात वर करून मूठ उघडायची-मिटायची, उघडायची-मिटायची. म्हणजे बाबा, लाईट राहिलाय, बंद कर, बॅटरी उतरेल. ओळख ना पाळख, पण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्याची बॅटरी वाचवायला बसलेला. मीही गाडी जवळ आल्यावर हात वर करून मूठ उघडली-मिटली. माझा स्वतःचा लाईट बंदच होता, हे वेगळं सांगायला नको. व्हॅनवाल्यानं मान हलवली आणि त्याचे दोन्ही दिवे विझले. भला माणूस, ऐकलं बिचाऱ्यानं, असं मनात म्हणेपर्यंत पाठीमागं मोठा आवाज झाला.

मोरीच्या कोल्हारकडच्या बाजूला शेतातून एक गाडीवाट मोठ्या रस्त्याला मिळते. त्या वाटेनं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बाहेर पडत होता. ट्रॅक्टरवाल्यानं थांबून दोन्ही बाजूंना बघितलं होतं, हे तो नंतर शपथेवर सांगत होता आणि मला ते पटतं. पहिली ट्रॉली रस्त्यावर आली आणि व्हॅन तिच्यात घुसली. मी मोटारसायकल वळवून पोचलो तेव्हा काचेतून उसाची कांडी आत गेलेली होती आणि डॉक्टर स्टिअरिंगच्या मागं अडकले होते. डावा गुडघा नुसता लोंबत होता. ट्रॅक्टरवाला, चांगला पन्नाशीचा गडी, रस्त्यात मटकन खाली बसून एकच घोकत होता, "लाईट न्हवता हो. लाईट असता तर दिसला असता. म्या थांबलो असतो." मी ते ऐकलं. आम्ही दोघांनी डॉक्टरांना बाहेर काढलं, एका जीपला हात केला, आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात गेलो.

तिथं, शुद्धीवर आल्यावर, त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कुठून आलात?" म्हणजे त्यांना जाणून घ्यायचं होतं की हा माणूस एवढ्या लवकर कसा पोचला. बस, एवढाच प्रश्न. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "मागून. रतीब घालून परत येत हुतो." माझे कॅन त्या वेळी मोरीपाशी काठोकाठ भरून उभे होते, कोणी झाकण उघडून बघितलं असतं तर तिथंच भांडं फुटलं असतं. कोणी बघितलं नाही. दुपारी दूध नासवून घरी आणलं तेव्हा बायकोनं विचारलं, तर तिला अपघाताचं सगळं सांगितलं आणि मुठीचं तेवढं गाळलं. सुमनवहिनींनी त्या दिवशी माझ्या हातावर साखर ठेवली होती. ती साखर मी खाल्ली, याची आजही मला लाज वाटते.

गुडघ्यात स्टीलची पट्टी बसवली, पण पाय पुन्हा पूर्ण वाकला नाही. गाय विताना गुडघ्यावर बसावं लागतं. त्यांना बसता येईना. कोल्हारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यांनी एक बुटकं लोखंडी स्टूल करून घेतलं आणि त्यावर बसून काम सुरू केलं. डाव्या पायानं क्लच दाबता येईना, म्हणून सहा महिने वहिनींनी व्हॅन चालवली. त्याआधी त्यांनी कधी सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. एवढं होऊनही डॉक्टर चिडलेले मी पाहिले नाहीत. त्यांना एका नव्या कोड्यानं पछाडलं होतं. "बघा भाऊसाहेब," ते म्हणायचे, "एका माणसाला मी दिसलो. इतका स्पष्ट दिसलो की त्यानं हात वर करून मला लाईट बंद करायला सांगितलं. मी बंद केला आणि लगेच पुढच्याला दिसलो नाही. मधे बदललं काय? एक बटण. त्या माणसानं मला जे सांगितलं त्याचा खरा अर्थ काय होता? तू मला दिसतोयस, हाच ना?" आणि मग तो प्रश्न यायचा, जो मी पुढची अकरा वर्षं ऐकला. "मला त्याला भेटायचंय. भांडायला नाही हो. फक्त विचारायचंय, की बाबा, मी तुला किती लांबून दिसलो?"

व्हॅन दुरुस्त होऊन आली तेव्हापासून धुकं असो, पाऊस असो, वावटळीत धूळ उठलेली असो, डॉक्टर दिवसा लाईट लावून फिरायला लागले. पाच मिनिटांत समोरून मुठी सुरू. दूधवाले, एसटीचे ड्रायव्हर, शाळेचे मास्तर, टेम्पोवाले, सगळे हात वर करून मूठ उघडतायत-मिटतायत. डॉक्टर प्रत्येकाला उलटा हात वर करायचे, नमस्कारासारखा, आणि स्वतःशीच म्हणायचे, "दिसलो." हे इतकं नेमानं की शेजारी बसलेला माणूस हसून बेजार व्हायचा. एकदा एका पठ्ठ्यानं मोटारसायकल वळवून, पाठलाग करून, व्हॅन थांबवून सांगितलं की काका, लाईट चालू आहे. डॉक्टरांनी त्याला खाली उतरून चहा पाजला आणि तीन प्रश्न विचारले. पुढं नव्या मोटारसायकलींना लाईट बंद करायचं बटणच यायचं बंद झालं, तरी लोक त्यांनाही मूठ करतच राहिले. यावर ते खूश होते. सवय लाईटपेक्षा जास्त काळ टिकते म्हणायचे.

धुकं पडलं की त्यांचा फोन ठरलेला. मला रस्त्याच्या कडेला उभं करायचे आणि स्वतः लांबून यायचे. दिसलो की हात वर करा. पहिल्यांदा अप्पर लावून, मग डिप्पर, मग नुसते बारके दिवे. मला वाटलं होतं अप्पर सगळ्यात भारी ठरेल, उजेड जास्त म्हणून. तसं कसलं! अप्पर लावला की धुकंच पांढरं फटक पडायचं आणि चालवणाऱ्याला समोर जणू चुन्यानं सारवलेली भिंत. डिप्परचा उजेड खाली रस्त्यावर पडायचा, त्यात त्यांना वाटही दिसायची आणि मला तेही दिसायचे. चारही इंडिकेटर उडवत जाणाऱ्यांचं त्यांना फार कुतूहल. हा डावीकडं वळणार, उजवीकडं वळणार की उभाच आहे, हे मागच्यानं कसं ओळखायचं, असं ते गाड्या थांबवून ड्रायव्हरांना विचारत. उत्तर ठरलेलं, सगळे लावतात म्हणून लावतो. निघायच्या आधी सीटखालचं पिवळं फडकं ओलं करून दिव्यांच्या काचा पुसायच्या, हे तर देवपूजेसारखं. आमच्याकडं चिखलात फिरलेल्या गाडीच्या काचेवर इतका लेप बसतो की आतला दिवा जळतोय की नाही तेच कळत नाही.

हे सगळं मी त्यांच्याबरोबर केलं. उभा राहिलो, हात वर केले, पावलं मोजली. आणि दर वेळी, न चुकता, ते त्या माणसाबद्दल बोलायचे. त्यांना धुक्यातून त्याचा फक्त हात दिसला होता आणि स्वेटरची बाही. तपकिरी होती की मरून, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं. ते स्वेटर माझ्या बायकोनं विणलेलं, मरून रंगाचं. रक्त लागलं म्हणून दवाखान्याच्या दारातच मी ते काढलं होतं, मग घरी ट्रंकेत तळाशी कोंबलं. दर थंडीत ती विचारायची, का घालत नाही, आणि मी सांगायचो, टोचतं. ती बिचारी दोनदा धुऊन मऊ करून बघती झाली. डॉक्टर मात्र म्हणायचे, तो माणूस सज्जन असणार. ज्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही असा माणूस थंडीत हँडलवरचा हात कशाला काढेल? त्यांनी त्याला शिव्या घातल्या असत्या तर मी तिथल्या तिथं कबूल झालो असतो. एकदा कबूल होणारच होतो. राहात्याच्या बाजारातून परत येत होतो, भर दुपारी आभाळ काळं होऊन गारा सुरू झाल्या. व्हॅनच्या टपावर असा ताशा वाजत होता की आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू येऊ नये. मला वाटलं, आत्ताच बोलावं. मी "डॉक्टर..." म्हणालो. त्यांनी मान वळवली. तेवढ्यात समोरच्या टेम्पोवाल्यानं त्या गारांतही हात बाहेर काढून मूठ उघडली-मिटली. "दिसलो!" डॉक्टर आनंदानं म्हणाले, आणि मग विचारलं, "तुम्ही काय म्हणत होता?" मी म्हणालो, "काच पुसा, धुकट झालीया." मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. त्यांना उचलून नेणारा म्हणून त्यांनी मला जवळ केलं होतं आणि मला ती जागा सोडवत नव्हती.

ते गेले, दहावा-तेरावा झाला. आता कोणाला सांगायचं, कशाला सांगायचं, असं मनाला बजावत राहिलो. पण धुई काही थांबेना, आणि रोज सकाळी रतीब घालायला निघालं की मोरी वाटेत. महिना होत आला तशी एके सकाळी ट्रंक उघडली, स्वेटर काढून अंगात घातलं आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं. वहिनींनी दार उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग बाहीकडं बघितलं, आणि बराच वेळ बाहीकडंच बघत राहिल्या.

"मरून आहे," त्या म्हणाल्या. "ते शेवटी शेवटी तपकिरीच म्हणायला लागले होते."

मी तिथं उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. मोरी, मूठ, भरलेले कॅन, मागून आलो म्हणालो ते. त्या आत गेल्या. मला वाटलं, आता दार लागेल आणि लागलं तर बरोबरच आहे. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या, डॉक्टरांच्या खुर्चीच्या. इतक्या वर्षांत माझ्यावर त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "पायाचं जाऊ द्या, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "पाय तर त्या ट्रॉलीनं मोडला. पण अकरा वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारी बसून तो प्रश्न ऐकलात. उत्तर तुमच्या खिशात होतं, आणि ते तसाच प्रश्न घेऊन गेले." मी रडलो. रडून झाल्यावर बघतो तर त्या पायात चपला घालत होत्या आणि हातात व्हॅनची किल्ली होती. म्हणाल्या, धुकं आहे तोवर चला.

निघण्याआधी त्यांनी सीटखालून पिवळं फडकं काढलं आणि दोन्ही काचा पुसल्या. रसवंतीपाशी, त्याच पत्र्यासमोर, कोल्हारच्या दिशेला तोंड करून त्यांनी व्हॅन कडेला लावली आणि डिप्पर चालू केला. फोन लावून दोघांनी कानाला धरले. मी मोरीकडं चालायला लागलो, एक, दोन, तीन... रस्ता आता रुंद झालाय, पण मोरी तीच आहे. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. मोरीच्या कठड्याला हात लागला तेव्हा दोनशे चौदा पावलं झाली होती. वळलो. रसवंती दिसत नव्हती, व्हॅन दिसत नव्हती, रस्ता दिसत नव्हता. दोन पिवळट दिवे मात्र दिसत होते, अगदी त्या दिवशी होते तसेच. मी फोनवर म्हणालो, "दोनशे चौदा, वहिनी." पलीकडून त्यांनी तो आकडा पुन्हा उच्चारला, हळू, कोणाला तरी सांगितल्यासारखा.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, आता बंद करा. आणि दिवे गेले. समोर नुसतं धुकं राहिलं. तिकडं एक गाडी आहे, तिच्यात एक बाई एकटी बसली आहे, हे मला माहीत होतं आणि तरी तिथं काहीही नव्हतं. त्या दिवशी मी मूठ मिटली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला एवढंच दिसलं होतं. "लावा," मी ओरडलो, "वहिनी, आधी लाईट लावा!" दिवे लागले. मी मोरीच्या कठड्यावर बसून राहिलो. एक मोटारसायकल माझ्या जवळून रसवंतीकडं गेली, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली, आणि धुक्यात शिरली. फोन अजून चालूच होता.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "आत्ता एक दूधवाला गेला. मूठ करून सांगत होता, लाईट बंद करा म्हणून."

"मग? केला तुमी बंद?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मी हात वर केला. दिसले मी त्याला."